दीड हजार फुटांवरच्या वत्सलाक्का

वत्सलाक्कांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते. भांडण काही झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

हैदराबादला विद्यानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भिंतीला भिंत लागून दोन फ्लॅट आहेत. शेजारचा बरेच दिवस बंद होता. तिथं वाघमारे नावाच्या रिटायर बाई राहायला आल्या, एकट्याच आहेत, मराठी बोलतात, एवढी बातमी वॉचमननं दिली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता दारात उभं राहून आपल्या भाषेत कुणाची तरी चहाडी करता येईल. पण दुसऱ्याच दिवसापासून सकाळी दहा वाजले की भिंतीतून घर्रर्र सुरू व्हायचं. मिक्सर म्हणावा तर तासभर कोण काय वाटत बसतं? चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी पदर खोचून निघाले. मी गौलीगुड्याच्या शाळेत तीस वर्षं पोरांना हिंदी शिकवलंय, वरच्या पट्टीत बोलायची मला सवय आहे आणि राग तर कायमचा नाकावर असतो, असं आमचे हे म्हणतात.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक किडकिडीत बाई, सुती साडी, चष्म्याला दोरी, जेवणाच्या टेबलाशी ताठ बसलेली. हातात काळी दांडी. समोर भला मोठा स्क्रीन आणि त्यात खाली हुसेनसागर, मधोमध उभा असलेला बुद्ध, काठाचा रस्ता, त्यावरच्या मुंगीएवढ्या गाड्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागं न बघताच बाई म्हणाल्या, "बस. दार लाव. हालू नको, वळायलेय."

आणि मी बसले! सासूनं सांगितलं तरी कधी एका सांगण्यात न बसलेली मी, त्या बाईच्या मागच्या खुर्चीत गुपचूप बसले. विमान हळूच कलंडलं, पाणी वर आलं, बुद्ध उजव्या अंगानं फिरला. बाईंनी त्याच्याकडे बघून मान जराशी झुकवली आणि मग म्हणाल्या, "हां, आता बोल. आवाजाचं सांगायला आलीस ना?"

मी म्हटलं, "नाही हो, साखर मागायला आले होते."

वत्सलाक्का जाऊन आता दीड वर्ष होईल. अजूनही कुणी मला विचारलं की बाई, तुम्ही विमानात बसलात का, तर मी पटकन 'हो, पुष्कळदा' म्हणून जाते. खऱ्या विमानात मी आयुष्यात एकदा बसलेय, बंगलोरला जाताना, आणि खिडकीजवळ दुसराच माणूस घोरत होता.

आक्का मूळच्या नांदेडकडच्या. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले म्हणून कुटुंब हैदराबादला आलं. पोरीचं अक्षर सुरेख, हात स्थिर, म्हणून ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि सरकारच्या पाण्याच्या खात्यात ट्रेसर म्हणून चिकटल्या. आता ट्रेसर म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. साहेब लोक रानोमाळ फिरून मोजणी करायचे, पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्या नकाशावर आरपार दिसणारं खळ दिलेलं कापड ताणून बसवायचं आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. मग त्या कापडावरून निळ्या प्रती निघायच्या आणि गावोगाव जायच्या. आक्कांनी चौतीस वर्षं हेच केलं. किती तलाव, किती ओढे, किती कालवे त्यांच्या बोटाखालून गेले त्याला गणती नाही. पण त्यातला एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. जीप निघायची ती बाप्यांनी भरलेली. बाईमाणसाला कुठं घेऊन फिरायचं, म्हणून ह्या टेबलालाच.

रिटायर झाल्यावर बहिणीचा मुलगा अमेरिकेला गेला. जाताना आपला खेळायचा भारीतला कॉम्प्युटर, स्क्रीन आणि ती दांडी मावशीच्या घरी ठेवून गेला. त्यात विमान उडवायचा खेळ होता, साऱ्या जगाच्या वरून काढलेल्या फोटोंवर चालणारा. दोन संध्याकाळी बसून त्यानं मावशीला शिकवलं. मी एकदा विचारलं, "आक्का, तुम्हाला हे वेड लागलं कशानं?" तर म्हणाल्या, "निळी रेघ मारून मारून डोळे गेले बाई. रेघंच्या आत खरंच पाणी असतंय का, ते बघायचं होतं."

त्यांच्या उडण्याचे नियम होते आणि ते पाळले गेले नाहीत तर बाई तापायच्या. विमान बेगमपेटच्या विमानतळावरूनच सुटणार. आधी हुसेनसागरातल्या बुद्धाला उजवा हात ठेवून एक फेरी, आणि त्यानंतर दिवसभर सगळी वळणं डावीकडं, कारण चालवणारा डाव्या खिडकीत बसतो आणि खाली तिकडूनच दिसतं. उंची जमिनीपासून दीड हजार फूट. त्याच्या वर त्या जायच्याच नाहीत. "लई वर गेलं की नकाशा दिसतोय. नकाशा म्या बघितलाय. खाली गेलं की घर दिसतंय. मला दोन्हीच्या मधलं पायजे." खेळ मध्येच थांबवायची सोय आहे, हे त्यांना माहीत होतं, पण ती त्यांनी कधी वापरली नाही. फोन वाजो, बेल वाजो. एकदा गॅसवर दूध उतू गेलं, वास आमच्या घरापर्यंत आला. मी धावत गेले तर ह्या गंडीपेटच्या तलावावर! "तू बंद कर जा," म्हणाल्या, "मी हवेत हाय." बीदरला पाऊण तास लागतो तर पाऊण तास बसणार. नांदेडला सव्वा तासाहून जास्त लागतो, तर तेवढा वेळ तांब्याभर पाणी जवळ घेऊन बसणार. मध्ये नुसती रानं. मी झोपून जायचे. जागी झाले की त्या सांगायच्या, "तू निजलीस तेव्हा मांजरा नदी गेली." गाडीतून सोबतीनं जाताना सांगावं तसं.

डाव्या हाताशी एक जुनी वही असायची, नोकरीत ट्रेस केलेल्या तलावांची नावं लिहिलेली. खाली तलाव आला की भिंग घेऊन स्क्रीनला नाक लावायचं, खात्री करायची आणि वहीतल्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक खूण. "हा हाय." पुढचा. "हा पण हाय. लई आटला, पण हाय."

उतरणं मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. धाडकन आपटायच्या, दोनदा उडायच्या, कधी धावपट्टी सोडून गवतात. मी हसले की चिडायच्या. "हसायलीस काय? माझं काम वर असतंय."

हळूहळू बिल्डिंगभर कळलं आणि रविवारची फेरी सुरू झाली. पाच-सहा खुर्च्या दोन रांगांत, मध्ये जायला वाट. दार लावलं की उघडायचं नाही. चहा विमान सरळ झाल्यावर. वळताना कुणी उठायचं नाही. घरात, फरशीवर, आणि कुणी उठायचं नाही! पण सांगते, आम्ही खरंच उठत नव्हतो. आमच्या ह्यांना तर पहिल्याच रविवारी गरगरलं. चारमिनारभोवती आक्कांनी तीन घिरट्या घातल्या, तिसरीला हे पांढरे फटक पडले. आक्कांनी मान न वळवता मागं एक लिंबू दिलं. लिंबू तयारच ठेवलेलं होतं. "वास घ्या दाजी, आणि खिडकीबाहेर बघू नका." खिडकी म्हणजे स्क्रीन, न बघून जातील कुठं? हे डोळे मिटून लिंबू हुंगत बेगमपेटपर्यंत आले. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी खुर्ची धरून बसले, हातात आपलं लिंबू घेऊन.

खालच्या मजल्यावर राघवुलू गारू राहतात, गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव'. ऐंशीचे असतील. जन्म गौलीगुड्यातला, पण गुडघे गेल्यापासून चार वर्षं बिल्डिंगच्या बाहेर पाऊल नाही. त्यांच्या सुनेनं हाताला धरून आणून बसवलं. आक्कांनी विचारलं, "गारू, किधर जाना बोलो." म्हातारा लाजला. म्हणाला, "हमारे घर के उप्पर से एक बार लेको चलो अम्मा." बसस्टँडच्या मागं त्यांच्या वडलांचं घर होतं, आता तिथं दुसरेच लोक राहतात. आक्कांनी बसस्टँड गाठलं, विमान जेवढं हळू करता येईल तेवढं केलं. गारू स्क्रीनवर बोट नाचवत होते. वो गल्ली, वो कमान, उसके बाजू, नई नई, उसके बाजू! आणि एकदम ओरडले, "वो! वो छत!" आणि उभेच राहिले. गुडघे दुखतात म्हणून संडासापर्यंत धरून न्यावं लागणारा माणूस ताडकन उभा!

"बैठो जी गारू!" आक्का गरजल्या, "प्लेन हिलरा!"

गारू चटकन बसले आणि माफीही मागितली. मग आक्कांनी त्या छतावरून अकरा फेऱ्या मारल्या. मी मोजल्या. गारूंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तोंडानं सारखं चाललं होतं, तिथं आम्ही पतंग उडवायचो, तिथं आई मिरच्या वाळत घालायची. खरं तर त्या खेळातली घरं फार खरी नसतात. मोठ्या इमारती ओळखू येतात, बाकीची घरं तो खेळ फोटोवरून अंदाजानं स्वतःच उभी करतो. आमच्या बिल्डिंगच्या जागी त्यानं दोन मजली दुकान दाखवलं होतं. ते छत गारूंचं होतं की नाही, देव जाणे. पण कुणीही चकार शब्द काढला नाही.

मी मात्र एक गोष्ट टिपली होती. शाळामास्तरीण आहे, कोणतं पोर पाटी लपवतंय ते मला मागच्या बाकावरून कळतं. आक्का चारी दिशांना जायच्या. पण घटकेसरच्या बाजूला गेल्या की त्यांचं काही तरी बिनसायचं. एका जागी नेहमीपेक्षा खाली उतरायच्या, एक फेरी, दोन फेऱ्या, भिंग हातात. त्या जागी खूण नाही. वही मिटून परत. त्या दिवशी चहासुद्धा कडू व्हायचा.

एक दिवस मी सरळ विचारलं. "आक्का, तिथं काय आहे? खोटं सांगू नका."

त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळू लागल्या. मग सांगितलं.

नोकरीला लागून तिसरं वर्ष. एक शीट तातडीनं हवं होतं, कसली तरी मोठी बैठक होती. संध्याकाळी काम संपत आलं असताना पेनातून शाईचा थेंब पडला. कापडावरची शाई पुसत नाही, अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढायची असते. आक्कांनी खरवडली. डाग गेला, आणि डागाखाली एका गावाचा कुंटा होता, कुंटा म्हणजे लहानसा तलाव, तोही गेला. घाईत लक्षात आलं नाही. साहेबानं न बघता सही केली, शीट गेलं. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीचा मूळ नकाशा घडी करताना आक्कांना तो दिसला. गंगम्मा कुंटा.

"मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"कुणाला सांगू? त्या सेक्शनात मी पहिली बाई. आणि आमच्या समाजातली तर पहिलीच. माझ्या पाण्याचा गिलास वेगळा होता, सुनंदा. बोलायचं कुणी न्हाई, पण वेगळाच होता. दुसऱ्या कुणाची चूक झाली तर ती त्याची एकट्याची. माझी झाली असती तर म्हणाले असते, ह्या लोकांना कामाला घेतलं की असंच होतंय. माझ्या मागून दोन पोरी अर्ज करून बसल्या होत्या. म्हणून गप बसले. आज सांगू, उद्या सांगू करता करता पुढचे सगळे नकाशे त्याच शीटवरून निघाले."

रिटायर झाल्या तेव्हा सेंडॉफच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले होते, वाघमारेबाईंच्या हातून चौतीस वर्षांत एक रेघ चुकली नाही. तसं लिहिलेलं मानपत्रही दिलं. ते आक्कांनी भिंतीवर कधी लावलं नाही. कपाटात साड्यांच्या खाली पालथं पडलेलं होतं, मला काढून दाखवलं.

म्हणजे एवढे सगळे तलाव त्या फिरत होत्या ते एका कुंट्याच्या भीतीपोटी. तो आहे की बुजवला? आणि बुजवला असेल तर तो आपल्या ब्लेडमुळं का? खेळात त्या जागी घरंच घरं दिसत होती. मी चिडले. "अहो आक्का, तो खेळ मनानं घरं बांधतो! आपलं दुकान केलंय त्यानं, विसरलात?" फोनवरच्या नकाशात बघितलं तर एक हिरवा डाग. पाणी की मैदान, काही उमजेना. म्हटलं, चला, ऑटो करू आणि डोळ्यांनी बघून येऊ. तर नक्को म्हणाल्या. दीड वर्ष मी मागं लागले, दीड वर्ष त्या नक्को म्हणाल्या. शहराच्या डोक्यावरून रोज उडणारी बाई, तीस किलोमीटर ऑटोत बसायला घाबरत होती.

शेवटी बुद्ध पौर्णिमेला सकाळी स्वतःच दारात उभ्या राहिल्या. हातात खिरीचा डबा. "चल. आज जायचं तर जाऊ, न्हाईतर मी कधीच जात न्हाई."

गाव आता गाव राहिलेलं नाही, पण वेशीवरचं देऊळ आक्कांनी नकाशातल्या खुणेवरून ओळखलं. "हितून उत्तरेला, ओढ्याच्या वळणाला." त्या पुढं, मी मागं. आणि कुंटा होता! सगळा जलपर्णीनं झाकलेला, म्हणून वरून हिरवा. कडेला म्हशी बसलेल्या. मला एवढा आनंद झाला की मी आक्कांना मिठीच मारली. पण त्या दुसरीकडं बघत होत्या. पलीकडच्या काठावर मलब्याचे ढीग ओतले होते, पाव कुंटा बुजला होता आणि त्यावर चुन्यानं प्लॉट आखलेले होते.

म्हशीवाला मल्लेश तिथंच होता. म्हाताऱ्या बाया कुठून आल्या म्हणून विचारायला आला आणि दहा मिनिटांत त्यानं आपली सगळी कहाणी सांगितली. प्लॉटवाले म्हणतात इथं कुंटा नाहीच, पावसाचं पाणी साचतं. गावातला जुना कागद वाळवीनं खाल्ला. गावानं अर्ज केला, तारीख पडली आहे, पण ऑफिसातसुद्धा तेच ऐकवलं. "नक्शे में नहीं है बोलते अम्मा. हमारे दादा इसमें तैरे, नक्शे में नहीं है बोलते." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

आक्कांनी ती हातात घेतली. खालच्या कोपऱ्यात ट्रेसरच्या रकान्यात दोन अक्षरं होती, आक्कांच्याच नावाआडनावाची. त्यांनी झेरॉक्स घडी करून परत दिली. मग मल्लेशला खिरीचा डबा दिला आणि मला म्हणाल्या, "घरी चल."

त्यानंतर आठ दिवस भिंतीतून आवाज नाही. रविवारी मंडळी आली, दार बंद बघून परत गेली. मी डबा घेऊन जायचे, त्या दोन घास खायच्या. आणि इथं माझी एक गोष्ट कबूल करते. मी त्यांना सांगितलं, "आक्का, पडू नका ह्या भानगडीत. लोक काय काय बोलतील. तुमचं नाव एवढं चांगलं आहे." मला वाटलं, मी त्यांच्या भल्याचंच बोलतेय. त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर आठवली की अजून माझी मलाच लाज वाटते.

नवव्या दिवशी मला म्हणाल्या, "तारखेला माझ्यासंगं येशील का? बोलू नको, नुसती बस."

ऑफिसातली खोली लहान, माणसं फार. टेबलामागं साहेब, एका बाजूला प्लॉटवाल्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला मल्लेश आणि गावातले चौघं. आक्का इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. उभ्या राहिल्या आणि सांगितलं, "साब, ये शीट मैं ट्रेस करी. गलती मेरी है. कुंटा था. ब्लेड से मैं खुरची."

वकील हसला. "अम्मा, उमर हो गई. चालीस साल पुरानी बात में याद गडबड होती."

"याद कू छोडो," आक्का म्हणाल्या. "असल शीट निकालो. झेरॉक्स नई. कपडा."

साहेब भला माणूस होता. त्यानं शिपायाला रेकॉर्डरूममध्ये पाठवलं. मग साहेबानंच विचारलं, आणि तोच प्रश्न मला नको होता. "उसी वक्त क्यूं नहीं बोले आप?"

आक्कांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. मला वाटलं, आता रडतील. पण आवाज कापला नाही. "डर से, साब. मैं उस सेक्शन में हमारे लोगां की पहली थी. मेरी गलती सब पे जाती बोलके चुप बैठी. चुप बैठना उससे बडी गलती थी. वो भी मेरीच है. दोनों लिख लो."

साहेब म्हणाले, लिहून दिलंत तर हे कायमचं रेकॉर्डवर राहील, अम्मा, विचार करा. त्या म्हणाल्या, विचार करूनच आलेय.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. मलबा उचलायला वर्ष लागलं, वकिलानं वर अपील केलं, ते टिकलं नाही. आता काठाला दगड बसलेत आणि नव्या नकाशात गंगम्मा कुंटा आहे. आक्कांच्या जुन्या सेक्शनमधले दोघंतिघं त्यांच्याशी बोलायचे थांबले, एकानं फोन करून 'खात्याची अब्रू घालवली' म्हणून सुनावलं. आक्कांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दहाला बेगमपेटवरून उडाल्या. नवा नकाशा निघाला तेव्हा त्या आजारी होत्या, पण त्याची प्रत मल्लेशनं दवाखान्यात आणून दाखवली. आठवड्यानं त्या गेल्या.

पण माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातल्या आक्का येत नाहीत. येतात त्या ऑफिसातल्या. शिपायानं धूळभरली गुंडाळी आणली. आक्कांनी तिची दोरी स्वतः सोडली, कापड तळहातानं सपाट केलं, आणि कुणाला न विचारता ते दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडं गेल्या. बाहेर दुपारचं ऊन. त्यांनी खिडकीला पाठ करून कापड आपल्यासमोर उंच धरलं. सगळी रेघन् रेघ काळी उमटली, आणि ओढ्याच्या वळणाला, जिथं काही नव्हतं, तिथं ब्लेडनं झिजलेली एक जागा बाकीच्या कापडाहून लख्ख उजळली. तिच्या कडेनं शाईची पुसट रेघही होती, पुरती न निघालेली.

सगळे उठून खिडकीपाशी गेले, साहेबसुद्धा. आक्का कापडाच्या आड होत्या. आम्हाला दिसत होती ती फक्त त्यांची वर धरलेली बोटं आणि खाली चपला. हात भरून आले असतील, पण कापड तसूभर हाललं नाही. आतून त्यांचा आवाज आला.

"दिखरा क्या?"

वकील बोलेना. साहेब बोलेनात. मला बोलू नको म्हणून बजावलेलं, म्हणून मी तोंडात पदर धरून उभी.

"अरे कोई तो बोलो. दिखरा क्या?"

मल्लेशनं पुढं होऊन त्या उजळलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि तेलुगूत म्हणाला, दिसतंय अम्मा. पाणी दिसतंय.